बारा महिन्यांची आरास: पान, फूल, शेंग आणि कणीस यांनी घर कसं सजवावं

नैसर्गिक सजावट बहुतेक वेळा फसते ती मालाचा स्वभाव माहीत नसल्यामुळे. आंब्याची कोवळी तांबूस पानं सुंदर दिसतात म्हणून तोरणाला घेतली की दुपारपर्यंत माना टाकतात. श्रावणात वाळवायला टांगलेल्या फुलांवर बुरशी चढते. कपाटावर ठेवलेल्या कणसांतून दोन महिन्यांनी सोंडे बाहेर पडतात. म्हणून या लेखात ‘काय छान दिसतं’ यापेक्षा कोणता माल कोणत्या महिन्यात घ्यावा, तो किती दिवस टिकतो आणि उतरवल्यावर त्याचं काय करायचं, यावर जास्त बोलू. उदाहरणं महाराष्ट्रातल्या दोन-तीन खोल्यांच्या घराची आहेत. वाडा किंवा बंगला असेल तर हात मोकळा सोडा.

आधी जागा, मग भांडी

घरात सजावटीच्या तीनच जागा ठरवा: दाराची चौकट, बैठकीतला एक कोपरा आणि एक खिडकी किंवा बाल्कनी. याहून जास्त जागा सणाच्या उत्साहात सजतात, पण तिसऱ्या दिवशी त्यांचं पाणी बदलायला कोणी नसतं. चौकटीच्या दोन्ही टोकांना कायमचे हूक ठोकून घ्या. दरवेळी चिकटपट्टी लावून रंग उखडण्यापेक्षा ते परवडतं.

फुलदाणी विकत घ्यायची गरज नाही. अरुंद तोंडाचा तांब्या दोन-तीन फांद्यांसाठी उत्तम. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी उंच, जड देठांना पेलते. घंगाळ किंवा परात पाण्यावर फुलं सोडायला, सूप आणि टोपली सुक्या मालाला. हत्यारं म्हणाल तर छाटणीची कातर, दाभण, जाड दोरा, सुतळी, बारीक तार आणि पाणी फवारायची बाटली एवढं पुरे.

सजावटवाले फुलं खोचायला जो हिरवा फोम वापरतात तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, त्याचा भुगा मातीत कुजत नाही. त्याऐवजी केळीच्या खांबाचा वीतभर तुकडा घ्या. आडवा ठेवायचा असेल तर खालच्या बाजूने लांबीत एक पातळ काप काढून बूड सपाट करा, स्क्रू-ड्रायव्हरने तिरकी भोकं पाडा आणि देठ खोचा. खांबाच्या पोकळ्यांत मुळातच पाणी भरलेलं असतं, त्यामुळे झेंडू, शेवंती, ॲस्टर तीन-चार दिवस ताजे राहतात. कापताना जुने कपडे घाला आणि हाताला खोबरेल लावा. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.

देठाच्या कुठल्याही फुलाला लागू पडणारी पद्धत अशी. फुलं सकाळी किंवा संध्याकाळी कापा, उन्हात नाही. घरी आणल्यावर देठाचं टोक पाण्यात बुडवून तिरकं कापा, म्हणजे देठात हवा शिरत नाही. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढून टाका, कारण पाणी कुजतं ते पानांमुळे. पाणी रोज बदला आणि एक दिवसाआड देठ बोटाच्या पेरभर पुन्हा छाटा.

घंगाळातल्या पाण्याचं वेगळं सांगायला हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात डास तयार होतो. तेव्हा ते पाणी दोन दिवसांनी फेकायचंच, आणि भांडं आतून घासायचं, कारण अंडी काठाला चिकटून राहतात.

चैत्र ते ज्येष्ठ

वर्षाचं पहिलं काम म्हणजे पाडव्याचं तोरण. तीन फुटी दाराला पाच फूट सुतळी, अकरा ते पंधरा पानं आणि पाव ते अर्धा किलो झेंडू लागतो.

पानं जून, गडद हिरवी आणि एका मापाची निवडा. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. शहरातल्या पानांवर धुळीचा थर असतो, तो निघाला की पान आपसूक चकाकतं. सुतळी दोन खुर्च्यांना ताणून बांधा. पानाचा देठाकडचा दीड इंच भाग सुतळीवरून मागे दुमडा आणि देठाचं टोक मधल्या शिरेला लागून पानातच आरपार खुपसा. शीर स्वतः फोडू नका, पान तिथून फाटतं. देठ आखूड असेल तर दोऱ्याचा एक टाका घाला. दोन पानांत तीन बोटं अंतर ठेवून त्यात एकेक झेंडू दाभणाने ओवा. सुई फुलाच्या हिरव्या बुडातून गेली पाहिजे, नुसत्या पाकळ्यांतून ओवलेलं फूल संध्याकाळी दोरावरून गळून पडतं. तोरण आदल्या रात्री करून ओल्या पंचात गुंडाळून ठेवलं तरी चालतं.

गुढीसाठी आणलेल्या कडुलिंबाच्या डहाळ्या उरतात. त्या पाण्यात ठेवू नका, फार टिकत नाहीत. सावलीत वाळवा, पुढे सुक्या मालाच्या डब्यात कामाला येतील.

चैत्रगौरीची आरास ही मला आपल्याकडची सगळ्यात शहाणी सजावट वाटते, कारण मांडलेलं जवळजवळ सगळं पोटात जातं: कैऱ्या, कलिंगड, काकडी, भिजवलेले हरभरे. हळदीकुंकू नसलं तरी एप्रिलभर बैठकीच्या टेबलावर एका टोपलीत देठासकट कैऱ्यांचा घोस आणि शेजारी तांब्यात मोगरा ठेवून पाहा. कैरीच्या देठातून चीक येतो, म्हणून खाली केळीचं पान घाला. ते पान मंद आचेवरून एकदा फिरवून घेतलं की लवचीक होतं आणि दुमडताना फाटत नाही.

बहावा आणि ताम्हण याच काळात फुलतात. ताम्हण तर महाराष्ट्राचं राज्यपुष्प. दोन्हींचा मोह आवरा. बहाव्याचे घोस घरात आणले की दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचा सडा पडतो, आणि शहरातल्या झाडांची तोड रोखणारा कायदा 1975 पासून आहे. झाडाखाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्या घंगाळात सोडल्या तर एक संध्याकाळ छान जाते, तेवढं पुरे.

उन्हाळ्यातली खरी कामाची वस्तू म्हणजे वाळा. विदर्भ-मराठवाड्यात, पुण्या-नाशकातही, खिडकीला वाळ्याची ताटी किंवा पडदा लावून त्यावर दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारलं की आत येणारी हवा गार होते आणि खोलीभर मातीसारखा वास पसरतो. मुंबई-कोकणात मात्र यावर पैसे घालवू नका. तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही, पडदा नुसता ओला राहून काळा पडतो. तिथे वाळ्याची जुडी माठात टाका. वाळा वापरण्याआधी दोन पाण्यांत धुवा, मुळांत पुष्कळ माती असते. पावसाळ्यापूर्वी कडकडीत वाळवून कागदात गुंडाळला तर पुढच्या वर्षीही चालतो.

पावसाळा: बाहेर भरपूर, आत थोडं

बाहेर सगळं हिरवंगार असताना घर पानाफुलांनी भरून टाकावंसं वाटतं, आणि नेमक्या याच दिवसांत भिंती ओल धरून असतात. आषाढ-श्रावणात काहीही वाळवायचं नाही, उशी-पडद्यांजवळ ओली पत्री ठेवायची नाही आणि एकावेळी एकच भांडं सजवायचं.

त्या एका भांड्यात सोनटक्का असावा. कळ्यांनी भरलेली जुडी घ्या, उमललेली फुलं कमी असली तर उत्तम. लोणच्याच्या बरणीत उभी करा. रोज संध्याकाळी नवी फुलं उघडतात आणि आदल्या दिवशीची मळकट पिवळी होऊन लोंबतात, ती चिमटीने काढत राहायची. वास इतका दाट असतो की झोपायच्या खोलीत ही बरणी नको. सोनटक्का नसेल तर निशिगंध. त्याच्या कळ्या खालून वर उमलत जातात, म्हणून खालची सुकलेली खुडली की दांडा आठवडाभर काम देतो.

पारिजातकाला झाडाला हात लावायचा नसतो. रात्री झाडाखाली जुनं धोतर किंवा चादर पसरा, पहाटे फुलं गोळा करा आणि ओल्या सुती कापडावर, ताटलीत, देठ वर करून मांडा. ऊन चढलं की संपलं. केशरी देठ मात्र फेकू नका, त्यांचा पूर्वी कापड रंगवायला उपयोग होई. वाळवून ठेवले तर मुलांच्या रंगकामाला होतात.

पावसाळी सहलीवरून फुलं तोडून आणणं बंदच करा. कास पठार हे 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातल्या स्थळांपैकी एक आहे. तिथलीच नव्हे, कुठल्याही सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, रोपं बोटभर मातीवर उगवतात आणि बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी ती जागा रिकामी राहते.

भाद्रपद आणि माटवी

रानातल्या वस्तूंनी घर सजवायची आपल्याकडची सर्वांत समृद्ध रीत कोकणात आणि गोव्यात आहे. ती म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला कोकणात माटवी म्हणतात आणि गोव्यात माटोळी. तिला नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचं शिपटं म्हणजे सुपाऱ्यांचा घड, तोवशी म्हणजे मोठी काकडी, कवंडळाची लालभडक फळं, हरणाची पिवळी फुलं, शेरवडाची पांढरी पानं, कांगण्या असं जे त्या आठवड्यात रानात आणि परसात तयार असेल ते बांधतात. गोव्यात माटोळीच्या स्पर्धा होतात आणि रानातल्या वनस्पती ओळखणारी जुनी माणसं त्या दिवसांत भाव खाऊन जातात, ते रास्तच आहे.

2018 साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखराला पर्याय काय, म्हणून बरीच ओरड झाली. पर्याय आजीच्या घरात टांगलेला होता. फ्लॅटमध्ये तो असा करता येतो.

बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांची तीन फूट बाय दोन फूट चौकट बांधा आणि आत सुतळीची आडवी-उभी जाळी विणा. पंख्याच्या हुकाला किंवा पीओपीच्या छताला ती टांगायची नाही. भरलेली माटवी सहज दहा-बारा किलोच्या पुढे जाते. टेबलाच्या चार कोपऱ्यांना चार बांबू घट्ट बांधून त्यावर चौकट ठेवणं सुरक्षित. आता जड वस्तू आधी: नारळ आणि शिपटं चार कोपऱ्यांना, समोरासमोर वजन सारखं राहील अशी. मग काकडी-दोडक्यासारखी मधल्या वजनाची फळं. मग आंब्याचे टाळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, कडेने, चौकट झाकली जाईल इतके. फुलं आणि नाजूक वेली अगदी शेवटी, मूर्ती बसवण्याच्या आदल्या रात्री. प्रत्येक वस्तू वेगळ्या दोरीने बांधा, म्हणजे एखादं फळ नासलं तर सगळं न उसवता काढता येतं. केळ्यांचा घड टांगायचाच असेल तर पूर्ण हिरवा घ्या, नाहीतर पाचव्या दिवशी चिलटं.

मुंबईत हा रानमाल दादरच्या फूलबाजारात चतुर्थीच्या आधीच्या दोन दिवसांत येतो. पालघर, शहापूरकडून आदिवासी बायका तो घेऊन पहाटे बसतात. घासाघीस करू नका. कवंडळं शोधत रानातून फिरायची मजुरी त्या भावात क्वचितच निघते.

एक सावधगिरी इथेच. माटवीतली काही सुंदर मंडळी विषारी आहेत. कळलावीचा कंद आणि बिया, गुंजा, कण्हेर, धोतरा यांतलं काहीही पोटात गेलं तर थेट दवाखाना गाठावा लागतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर या पाच गोष्टी आणूच नका, उंचावर टांगल्या तरी फळं-बिया खाली गळतातच.

गौरींच्या बाबतीत सगळ्यांत साधं ते सगळ्यांत देखणं. कुठे तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांनाच गौर मानतात, कुठे पाणवठ्यावरचे पाच-सात खडे. मुखवटे आणि भरजरी साड्या असल्या तरी बाजूला तेरड्याचा एक पेंढा उभा करा. मुळांची माती धुवून ती पाण्यात ठेवली तर रोप दोन-तीन दिवस तरतरीत राहतं.

दसरा-दिवाळी

घटाच्या परडीत धान्य पेरताना तोच प्रयोग खिडकीतल्या एका पसरट ताटलीत करा. देवघराच्या अंधारात वाढलेला गव्हाचा अंकुर पिवळा होतो, उजेडातला हिरवागार. दसऱ्याला दोन्ही शेजारी मांडले की मुलांना वेगळं काही शिकवावं लागत नाही.

आपट्याची ओरबाडलेली ढिगाने पानं मात्र नको. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं येतात, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ज्या रांगा पडतात त्या बघवत नाहीत. एक पान द्या.

कोकणात भात तयार झालं की नव्याच्या पौर्णिमेला किंवा दसऱ्याला दारावर ‘नवं’ बांधतात: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल, झेंडू. देशावर ज्वारी-बाजरीची कणसं घेऊन हेच करता येईल. हे बांधलेलं वर्षभर दारावर टिकतं. बाल्कनीत लोंब्यांचा झुबका टांगलात तर चिमण्या तो फस्त करतील, आणि खाली तुसाचा केर होईल, त्याची तयारी ठेवा.

दिवाळीच्या फुलांच्या रांगोळीला आधी खडूने रेघा मारा, मग बाहेरून आत भरत या. झेंडूच्या दोन छटा, पांढरी शेवंती आणि हिरव्यासाठी बारीक चिरलेली पानं पुरतात. दर दोन तासांनी हलकं पाणी फवारा. पणत्या पाकळ्यांपासून वीतभर लांब. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून सावलीत सुकवल्या की तेल पीत नाहीत. किल्ल्यावरच्या हिरवळीसाठी अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी ओल्या मातीवर फेका, फक्त एका जागी ढीग होऊ देऊ नका, बी चिकट असल्याने गोळा होऊन कुजतं.

दसऱ्याच्या गावठी झेंडूतली दहा-बारा फुलं झाडावरच पूर्ण सुकलेली मिळाली तर राखून ठेवा. आतल्या काळ्या, पांढरट शेपटीच्या बिया जुलैत कुंडीत टाकल्या की पुढच्या दसऱ्याचं निदान दाराचं तोरण घरचं होतं.

थंडी: वाळवणाचा खरा हंगाम

डिसेंबर ते मार्च हवा कोरडी असते आणि रस्त्याच्या कडेला फुकट माल पडलेला असतो. शिरीषाच्या पिवळट शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात. गुलमोहराच्या तलवारीसारख्या काळ्या शेंगा दीड-दोन फुटांच्या. बहाव्याच्या लांब नळ्या. रानात गेलात तर पिळाची मुरुडशेंग. आणि महोगनीचं फळ: लाकडी कवच पाच फाकांत खालून उकलतं, आत पाच कंगोऱ्यांचा दांडा उरतो आणि पंखांच्या बिया भिरभिरत खाली येतात. कवचाची प्रत्येक फाक एका पणतीएवढी खोलगट असते, पण तिच्यात दिवा लावू नका, लाकूड आहे ते.

आणल्यावर कोरड्या ब्रशने झटका, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग पिशवीत घट्ट बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे आतले किडे आणि अंडी मरतात. कणसांना तर हे न चुकता करा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दव धरतं. खोलीच्या तापमानाला आलं की पुन्हा एक ऊन. बहाव्याची शेंग फुटलेली असेल तर फेका, आतला काळा गर चिकट असतो आणि मुंग्या येतात.

फुलं वाळवताना पाच-सहा देठांची जुडी रबराने बांधून उलटी, अंधाऱ्या आणि वारा खेळत्या जागी टांगा. सुतळी नको, देठ आक्रसले की फुलं सुटून पडतात. कुर्डू, गोंड्यासारखा गोल ‘बटण’ आणि लहान शेवंती रंग राखतात. गुलाब काळपट होतो, तो मला आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही.

मांडणी करताना उंच शेंगा मागे, कणसं मध्ये, गोल फळं पायाशी. बरणीत तळाला मूठभर वाळू घाला म्हणजे ती कलंडत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात याच कोपऱ्यात ओला हरभरा, उसाची कांडी, बोरं आणि गाजरं सुगडासोबत मांडली की वेगळी खरेदी लागत नाही. भोगीची भाजी त्यातूनच निघते.

समुद्रावरून शंख-शिंपले आणायची हौस आवरती घ्या. पोवळी आणि काही जातींचे शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि रिकामे शंख खेकड्यांची घरं होतात. परदेशातल्या नातेवाइकांना सुक्या शेंगा-बियांची भेट देऊ नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विमानतळावर न सांगता नेलेल्या बियांसाठी दंड होतो.

उतरवल्यावर, आणि फाल्गुन

तोरण काढलं की आधी दोरा, तार, सुई वेगळी करा. पानं-फुलं हाताने चुरून एका भोकं पाडलेल्या बादलीत, थोड्या कोरड्या मातीबरोबर थर देऊन भरा. केळीचा खांब बारीक कापून टाका, तो लवकर कुजतो. आंब्याची पानं चिवट, त्यांना अनेक महिने लागतात. देवाचं निर्माल्य वेगळं ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळी कुंडी करा, नदीत नको.

सुका माल मेअखेर आवरा. शेंगा-कणसं पुन्हा एकदा उन्हात तापवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, चैत्रातल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत भरायच्या आणि दसऱ्यापर्यंत डबा उघडायचा नाही.

त्याआधी फाल्गुनात पळस आहे. पानगळीच्या रानात, विशेषतः विदर्भात, झाडाखाली केशरी फुलांचा थर असतो. टोपलीभर वेचून आणा. निम्मी परातीत पाण्यावर दोन दिवस टिकतात. उरलेली रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळी काढा, गाळून घ्या, होळीचा रंग झाला. पांढऱ्या शर्टावर तो पुसट केशरी राहतो, दोन धुण्यांत जातो. चोथा बादलीतल्या खतात.